चौघांचं तिकीट आणि विदर्भाचा लांबलेला जून

परीक्षा अजून सुरू व्हायच्या आहेत, पण सुट्टीची पत्रं यायला लागली आहेत. या वेळी बहुतेकांनी एकच गोष्ट विचारली आहे. थीम पार्क आणि वॉटर पार्कची तिकिटं दर वर्षी चढत आहेत, त्यात घरच्यांना सुट्टीत न्यायचं कसं? इतकी वर्षं धरमपेठेतून नागपूरच्या कुटुंबांना सहलींना घेऊन गेले आहे. त्यामुळे हा प्रश्न माझ्या फार जवळचा आहे. सहा पत्रं निवडली आहेत. पहिल्याला सविस्तर उत्तर देते, कारण तसाच प्रश्न अनेक घरांत आहे.

प्रश्न : ताई, आम्ही मनीषनगरात राहतो. यजमान खासगी कंपनीत आहेत, मी घरी शिकवण्या घेते. मुलगी बारा वर्षांची, मुलगा सहाचा. दोन वर्षांपासून पोरांना हैदराबादच्या नाहीतर खोपोलीच्या पार्कात नेऊ म्हणतो आहोत. दर वेळी मोबाइलवर बघावं तर तिकीट वाढलेलं. त्यातही शनिवारचं वेगळं, सोमवारचं वेगळं. मे महिन्यातला शनिवार टाकून पाहिला तर चौघांचे नऊ हजारांच्या आसपास झाले. तेवढ्यात आमची पचमढी झाली असती. पोरांना नाही म्हणवत नाही अन् हो म्हणायची हिंमत होत नाही. काय करावं सांगा जी.
(एक आई, मनीषनगर)

उत्तर : तुम्ही मे महिन्यातला शनिवार टाकून पाहिलात, तिथूनच सुरुवात करते. मी सहली न्यायला लागले तेव्हा पार्कचा एकच दर असे, फार तर मोठ्यांचा आणि लहानांचा वेगळा. आता दर तारखेप्रमाणे बदलतो. शाळांच्या सुट्टीतला शनिवार सगळ्यात महाग, शाळा भरलेल्या असतानाचा मंगळवार-बुधवार सगळ्यात स्वस्त. म्हणून कुठे जायचं हे ठरवण्याआधी कधी जायचं ते ठरवा.

इथे आपल्याकडे एक अशी सवड आहे जी पुणे-मुंबईकरांकडे नाही. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उशिरा उघडतात. बाकी महाराष्ट्रात 15-16 जूनला घंटा वाजते. आपल्याकडे 2025 मध्ये 23 जूनला वाजली, त्याआधी 2024 मध्ये तर 1 जुलै उजाडला होता. तेलंगणातल्या शाळा 12 जूनला सुरू होतात. म्हणजे 16 जूनपासून पुढचा किमान एक आठवडा असा असतो की हैदराबादची मुलं वर्गात असतात, पुण्याची वर्गात असतात आणि आपली मुलं घरी असतात. त्या आठवड्यातले मधले वार पार्कवाल्यांच्या दृष्टीने मंदीचे. दर उतरलेले असतात, आणि माझ्या मते त्याहून मोठा फायदा म्हणजे रांगा छोट्या असतात. मे महिन्यात एका मोठ्या पाळण्यासाठी तास-दीड तास उभं राहावं लागतं. दिवसभरात पोरांच्या वाट्याला पाच-सहा पाळणे येतात. त्याच तिकिटावर जूनच्या बुधवारी दुप्पट पाळणे होतात. तुमची मुलं केंद्रीय बोर्डाच्या शाळेत असतील तर शाळेची तारीख आधी विचारून घ्या, त्या शाळांचं वेळापत्रक वेगळं असू शकतं.

आता हैदराबाद की खोपोली? जूनच्या त्या आठवड्यासाठी मी डोळे मिटून हैदराबाद सांगेन. खोपोली घाटाच्या पायथ्याशी आहे, तिथे जूनच्या मध्यात पाऊस कोसळत असतो. वीज कडाडली की उंच पाळणे थांबवतात, आणि पावसासाठी तिकिटाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. हैदराबादचा जून त्या मानाने सौम्य. शिवाय तिथल्या वंडरलात जमिनीवरचे पाळणे आणि पाण्याचे खेळ एकाच आवारात, एकाच तिकिटात आहेत. सहा वर्षांच्या मुलासाठी हे फार महत्त्वाचं आहे. त्याला मोठ्या पाळण्यांवर बसू देणार नाहीत, पण उथळ पाण्यात तो दिवसभर रमेल. खोपोलीच्या इमॅजिकात थीम पार्क, वॉटर पार्क आणि बर्फाचं पार्क यांची तिकिटं वेगवेगळी आहेत. तिथली मोठी मजा नायट्रोसारख्या रोलर कोस्टरमध्ये आहे, आणि ती तुमच्या मुलाला अजून काही वर्षं मिळणार नाही. खोपोली तो उंच झाल्यावर करा. तेव्हा चारही तिकिटांचे पैसे पुरते वसूल होतील.

दोन-दोन पार्कांचं एकत्र तिकीट घेण्याचा मोह होईल, कारण ते वेगवेगळ्या तिकिटांपेक्षा स्वस्त दिसतं. दोन्ही एकाच दिवशी वापरायची असतील तर घेऊ नका. एका दिवसात दोन पार्क मुलांना झेपत नाहीत, चार वाजेपर्यंत धाकटं रडकुंडीला येतं. वेगळ्या दिवशी वापरता येत असतील आणि मुक्काम असेल, तरच हिशेब बसतो.

जाण्याचं म्हणाल तर सप्टेंबर 2024 पासून नागपूर-सिकंदराबाद वंदे भारत सुरू आहे. पहाटे 5 ला निघते, दुपारी सव्वाबाराच्या सुमारास पोचते. परतीची गाडी सिकंदराबादहून दुपारी 1 ची, रात्री साडेआठच्या आत तुम्ही नागपुरात. या वेळांमुळे मुक्काम आपोआप दोन रात्रींचा ठरतो. पोचल्या दिवशी पार्कात जाऊ नका. बहुतेक पार्क दहा-अकराला उघडतात आणि संध्याकाळी सहा-सातला पाळणे थांबतात, तुम्ही सामान टाकून तिथे पोचेपर्यंत तिकिटाचा अर्धा दिवस गेलेला असेल. त्या संध्याकाळी चारमिनार किंवा गोवळकोंडा करा. दुसरा पूर्ण दिवस पार्कला द्या. तिसऱ्या दिवशी सकाळी आरामात उठा, नाश्ता करा आणि गाडीत बसा.

खर्चाचा हिशेब आता एकत्र मांडू. दर सोयीसाठी गृहीत धरते. मधल्या वारी तिकीट 1,500 असेल तर त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 1,770 होतात, चौघांचे 7,080. त्याच पार्कचा सुट्टीतल्या शनिवारचा दर 1,900 असेल तर करासह 2,242, चौघांचे 8,968. तारीख बदलली की 1,888 रुपये वाचले. हॉटेल रात्रीला 3,000 धरा. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के कर आहे, म्हणजे दोन रात्रींचे 6,300. पार्कातलं खाणं 2,000. लॉकर आणि किरकोळ 1,000. टॅक्सीचे 2,500 वेगळे काढा, कारण वंडरला रावीर्यालला आउटर रिंग रोडच्या बाजूला आहे, सिकंदराबाद स्टेशनहून बरंच लांब. रेल्वेभाडं सोडून एकूण 18,880 झाले. त्यात पार्कचं तिकीट निम्म्याहून कमी आहे.

हा हिशेब तुम्हाला घाबरवायला मांडला नाही. तिकीट वाढलं म्हणून आपण फक्त तिकिटाकडे बघत राहतो, आणि बाकीचे पैसे हातातून कसे गेले ते कळत नाही. मोठी बचत त्या बाकीच्यातच होते. पाण्यात उतरायला नायलॉनचेच कपडे लागतात, सुती कपड्यांत सोडत नाहीत. ते दाराशी विकत किंवा भाड्याने घेण्यापेक्षा सीताबर्डीतून आधीच घेऊन ठेवा. सकाळी पोट भरून निघा. बाहेरचं खाणं बहुतेक ठिकाणी आत नेऊ देत नाहीत, पण लहान बाळाचं खाणं आणि औषधं चालतात. रांग चुकवून पुढे नेणारं जादा पैशांचं तिकीट जूनच्या बुधवारी अजिबात घेऊ नका, त्या दिवशी रांगच नसते.

तिकिटं काढण्याचा क्रमही पाळा. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. 17 जूनला निघायचं तर 18 एप्रिलला सकाळी तिकीट काढा. ते पक्कं झालं, की पार्कचं घ्या. रेल्वेचं तिकीट रद्द केलं तर थोडे पैसे कापून बाकीचे मिळतात, पार्कचं सहसा मिळत नाही.

आणि पचमढी. ती तुम्ही मनातून काढू नका असं मला फार वाटतं. पार्क हा एका दिवसाचा कार्यक्रम आहे, त्याला पूर्ण सुट्टी देऊन टाकू नये. एक वर्ष पार्क, एक वर्ष पचमढी किंवा चिखलदरा, असं मुलांना आताच सांगून टाका. सुट्टीसाठी बँकेत बारा महिन्यांचं आवर्ती खातं उघडा, महिन्याला 2,000 टाकले तर वर्षाला 24,000 जमतात. त्या रकमेत बसेल ती सहल करायची. नंतर पैसे भरा म्हणणारे हप्त्यांचे मेसेज मोबाइलवर येतील. सहलीसाठी ते घेऊ नका. सहल संपल्यावरही हप्ते चालू राहतात आणि नेमकी जून-जुलैत शाळेची फी, वह्या-पुस्तकं, गणवेश सगळं एकदम येतं.

प्रश्न : पार्कवाले सरळ लूट करतात, असं माझं मत आहे. पाळणे तेच, रांगा त्याच, मग दर वर्षी भाव वाढवायला काय झालं? तुम्ही सहलीवाले लोक त्यांना काही बोलत का नाही?
(एक वाचक, प्रतापनगर)

उत्तर : तुमचा राग मला समजतो, पण सगळ्याला लूट म्हणणार नाही. पार्कात शंभर लोक आले काय आणि पाच हजार आले काय, पाळणा चालवायला माणसं, वीज आणि रोजची तपासणी तेवढीच लागते. मोठे रोलर कोस्टर परदेशातून येतात. इमॅजिकाचा नायट्रो एका स्विस कंपनीने बनवलेला आहे, त्याचे सुटे भागही परदेशी चलनात घ्यावे लागतात. आपल्याकडे गर्दी एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंत आणि दिवाळी-नाताळात. उरलेले कितीतरी वार पार्क अर्धे रिकामे असतात. इमॅजिका 2013 मध्ये दीड हजार कोटींहून जास्त खर्चून उभं राहिलं आणि पुढे कर्जाच्या बोजाखाली वाकलं. 2022 मध्ये ते मालपाणी समूहाकडे गेलं. हा धंदा सोपा असता तर एवढं झालं नसतं.

सरकारचाही वाटा आहे. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा पार्कच्या तिकिटावर 28 टक्के कर होता, जानेवारी 2018 मध्ये तो 18 वर आणला. मुलांच्या करमणुकीवर 18 टक्केही मला जास्त वाटतात, पण तो राग पार्कच्या खिडकीवर काढण्यात अर्थ नाही.

तारखेप्रमाणे दर लावण्याची रीत अमेरिकेतल्या डिस्नेने 2016 मध्ये आपल्या तिथल्या पार्कांत आणली, आणि आता ती सगळीकडे रुजली आहे. 1955 मध्ये डिस्नेलँड उघडलं तेव्हा दाराचं तिकीट एक डॉलर होतं आणि पाळण्यांचे पैसे वेगळे, रेशीमबाग मैदानावरच्या आनंदमेळ्यात असतात तसे. 1982 मध्ये पाळण्यांची कुपनं बंद झाली आणि दारावर एकच मोठं तिकीट आलं. 2024 मध्ये तिथल्या सगळ्यात गर्दीच्या दिवसाचं तिकीट 200 डॉलरच्या वर गेलं, म्हणजे तेव्हाच्या भावाने एका माणसाचे 17,000 रुपये. त्या देशातल्या मध्यमवर्गीय घरांतही आज हीच चर्चा चालते.

तारखेप्रमाणे दर मला मान्य आहेत, कारण त्यामुळे खिसा लहान असलेल्यालाही एखादा दिवस परवडतो. मला मनापासून पटत नाही ती जादा पैशांची पुढची रांग. डिस्नेमध्येसुद्धा आधी सगळ्यांना विनामूल्य मिळणारी वेळ-राखीव चिठ्ठी होती, 2021 मध्ये ती बंद करून पैशांची केली. दोघांनी तिकिटं काढलेली, दोघंही उन्हात उभे. त्यातल्या एकाच्या पोराला वरचे पैसे भरून समोरून नेतात आणि दुसऱ्याचं पोर बापाला विचारतं की आपण का थांबलो. मुलांच्या जागी तरी हे नको. सहली नेताना हे मी पार्कच्या लोकांना तोंडावर सांगत आले आहे आणि इथेही लिहिते आहे.

प्रश्न : ताई, माझं वय एकाहत्तर, मंडळींचं सदुसष्ट. मुलगा-सून म्हणतात तुम्ही दोघंही पार्कला चला, तुमच्याशिवाय नातवंडांना करमत नाही. पण आम्ही त्या पाळण्यात बसणार नाही. बाकावर बसायचे एवढे पैसे का द्यायचे? नाही म्हटलं तर मुलगा रुसतो.
(एक आजोबा, महाल)

उत्तर : काकाजी, तुमच्या मुलाचं मन मोठं आहे, हे आधी म्हणते. तिकिटं चढल्यापासून मी कितीतरी घरांत उलटं पाहिलं. आजी-आजोबांना घरी ठेवून चौघं गेले आणि कुणालाच बरं वाटलं नाही. एकाच दाराच्या तिकिटाची ही सगळ्यात वाईट बाजू आहे. आनंदमेळ्यात तुम्ही फुकट आत जाता, नातवाला आकाशपाळण्यात बसवता आणि खाली उभे राहून हात हलवता. पार्कात तेवढ्यासाठी जवळपास पूर्ण पैसे पडतात. बऱ्याच ठिकाणी साठीच्या वरच्यांना सवलत असते, वयाचा पुरावा जवळ ठेवा, पण ती सवलत फार मोठी नसते.

मार्ग दोन आहेत. हैदराबादला जाणार असाल तर सगळ्यांनी मिळून पार्काऐवजी रामोजी फिल्म सिटी करा. विजयवाडा रस्त्यावर आहे, 1996 पासून चालू. तिथे गाडीत बसवून सेट दाखवत फिरवतात, बागा आहेत, बसून बघण्याचे कार्यक्रम आहेत. तिथे तुमच्या तिकिटाचे पैसे खरोखर वसूल होतील. दुसरा मार्ग शिर्डीचा. समृद्धी महामार्गाने नागपूरहून शिर्डी साधारण 520 किलोमीटर. मोटारीला टोल किलोमीटरला 2 रुपये 6 पैसे, म्हणजे एका बाजूचे हजाराच्या थोडे वर. तुम्ही दोघं साईबाबांचं दर्शन घ्या, निवांत बसा. मुलं आणि नातवंडं तिथल्याच वेट एन जॉय वॉटर पार्कात जातील. रात्री जेवायला सगळे एकत्र. कुणी घरी राहिलं नाही आणि कुणाचे पैसे बाकावर गेले नाहीत.

मुलाला एक मात्र ठणकावून सांगा. उन्हाळ्यात समृद्धीवर चढण्याआधी टायर तपासायचे, हवेचा दाब बघायचा. गुळगुळीत झालेले टायर असतील तर गाडी काढायचीच नाही. सिमेंटचा रस्ता मे महिन्यात भयंकर तापतो आणि सरळ रस्त्यावर डोळा लागतो. वेगाची मर्यादा 120 आहे म्हणून 120 ने जायलाच हवं असं नाही. दर दीड-दोन तासांनी थांबा. रात्रीचा प्रवास नकोच.

प्रश्न : आमच्या मुलीला आठवं वर्ष लागलं. एका पार्कच्या दाराशी पट्टीला उभी केली आणि म्हणाले, पूर्ण तिकीट. आम्ही वयाचा दाखला दाखवला तरी ऐकेनात. तिला वाटलं तिचंच काही चुकलं. ती रडली. रेल्वेतही हल्ली लहान मुलांचं पूर्ण तिकीट घेतात. लहान मूल म्हणजे नक्की कोण?
(एक वडील, वर्धा)

उत्तर : दाराशी पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं, हे वाचून वाईट वाटलं. तिला जवळ घेऊन सांगा, तू उंच झालीस, छान झालीस.

पार्कवाले वय बघत नाहीत, उंची बघतात, कारण पाळण्याचा पट्टा आणि दांडा उंचीप्रमाणे बसतो. पण तिकिटाची पट्टी आणि पाळण्याची पट्टी वेगळी असते, हे आईबापांना कुणी नीट सांगत नाही. पूर्ण तिकीट घेतलेल्या मुलालाही काही पाळण्यांवर घेत नाहीत, मोठ्या पाळण्यांची पट्टी बहुधा 120 ते 140 सेंटीमीटरच्या दरम्यान असते. म्हणून निघण्याआधी घरीच भिंतीला उभं करून बूट काढून उंची मोजा आणि पार्कच्या वेबसाइटवरचे दोन्ही आकडे बघा. उंची तिकिटाच्या पट्टीच्या जरा वर आणि पाळण्याच्या पट्टीच्या बरीच खाली असेल, तर ते सगळ्यात तोट्याचं वर्ष. एक-दोन वर्षं थांबलात तर त्याच पैशांत तिला सगळं मिळेल. आणि मुलीसमोर दाराशी हुज्जत घालू नका. त्या माणसाला दर बदलायचा अधिकार नसतो, लेकरू मात्र सगळं ऐकत असतं.

रेल्वे वय धरते. पाच वर्षांखालच्यांना तिकीट नाही. पाच ते बारामधल्यांना स्वतंत्र बर्थ हवी तर 2016 पासून पूर्ण भाडं, बर्थ नको तर अर्धं. वंदे भारतसारख्या चेअर कारमध्ये मात्र ही अर्ध्याची सोय नाही, पाच पूर्ण झाली की पूर्ण तिकीट. मनीषनगरच्या ताईंनीही हे ध्यानात घ्यावं.

प्रश्न : मी बुटीबोरीत नोकरी करतो. कंपनी सुट्टीतल्या सहलीसाठी प्रवासभत्ता देते. पार्कची तिकिटं त्यात दाखवून कर वाचेल का?
(एक वाचक, बुटीबोरी)

उत्तर : नाही. करातून सूट मिळते ती फक्त जाण्या-येण्याच्या भाड्याला, तीही देशातल्या प्रवासाच्या. हॉटेल, जेवण, पार्क यातलं काही धरत नाहीत. चार वर्षांच्या गटात दोन प्रवास, आणि तुम्ही जुनी करपद्धत निवडली असेल तरच. नव्या पद्धतीत ही सूट नाही.

प्रश्न : मी आठवीत आहे. माझ्या वर्गातल्या तीन मैत्रिणी सिंगापूरच्या युनिव्हर्सलला जाऊन आल्या. आम्ही अजून हैदराबादलासुद्धा नाही गेलो. बाबा म्हणतात, या वर्षी नाही परवडत. मी हट्ट करत नाही, पण मला खूप वाटतं. तुम्ही बाबांना सांगाल का?
(एक मुलगी, नंदनवन)

उत्तर : बाळा, तुला खूप वाटतं हे तू सरळ लिहिलंस, मला फार आवडलं. बाबांना मी काही सांगणार नाही, कारण "परवडत नाही" हे त्यांनी तुला मोकळेपणाने सांगितलं. किती आईबाप हे सांगत नाहीत आणि कर्ज काढतात.

पण या सदरात मनीषनगरच्या काकूंना दिलेला हिशेब आहे ना, तो तू एका कागदावर उतरव. तुमच्या घरात किती माणसं आहेत ते धर. 2025 मध्ये आपल्या शाळा 23 जूनला उघडल्या, तुझी कधी उघडणार ते बाईंना विचार. जूनमधल्या मधल्या वाराचा दर आणि शनिवारचा दर बाबांच्या मोबाइलवर बघून शेजारी शेजारी लिही. शाळा-कॉलेजच्या ओळखपत्रावर सवलत आहे का, त्याला वयाची अट काय, तेही शोध. मग महिन्याला किती साठवलं तर पुढच्या जूनमध्ये जाता येईल, हा भागाकार कर आणि कागद बाबांना दे. आठवीच्या मुलीला हे सहज जमतं.

या उन्हाळ्यात घरी बसू नकोस. गांधीसागरसमोरच्या रमण विज्ञान केंद्रात तारांगण आहे. मोतीबागला रेल्वेचं नॅरोगेज संग्रहालय आहे. गोरेवाड्याची सफारी 2021 पासून सुरू आहे, मे महिन्यात पहिल्या फेरीला जा, ऊन चढलं की प्राणी सावलीत दडतात. आणि बाबांना एक रात्र सवड काढता आली तर पेंचच्या जंगलात सिल्लारीकडे जा. महाराष्ट्रातला पेंच प्रकल्प 2024 मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरला. नागपुरात दिव्यांमुळे जे तारे दिसत नाहीत, ते तिथे उघड्या डोळ्यांनी दिसतात. अमावस्येच्या आसपासची तारीख निवडा, आणि पावसाळा लागण्याआधी जा, ढग आले की काहीच दिसत नाही.

तुझा हिशेबाचा कागद मलाही पाठव. बरोबर आहे का ते तपासून देते.